वाचकांचे प्रश्न : विहिरीतल्या पाण्याचे वय

उन्हाळा सरत आला की कोकणातून येणाऱ्या पत्रांत पाण्याचा विषय हटकून असतो. यंदाच्या पत्रांतले विशेष हे की, पाणी का आटले याबरोबरच ते कुठून आले, किती वर्षांपूर्वीचे आहे आणि त्यात काय मिसळले आहे, असे अनेकांनी विचारले आहे. हे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे त्यांतली सहा पत्रे येथे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न (राजापूर तालुका) : आमच्या परड्यात बोअर मारली तेव्हा 180 फुटांवर पाणी लागले. बोअरवाल्याने छातीठोकपणे सांगितले की, हे पाणी हजारो वर्षांचे आहे, म्हणून ते कधी आटायचे नाही. पाण्याचे वय खरोखर मोजता येते का? आणि जुने पाणी आटत नाही, हे खरे का?

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यात आपले पैसे गुंतलेले आहेत. बोअरवाल्याने जे सांगितले, वस्तुस्थिती त्याच्या नेमकी उलट आहे. भूजल जुने असेल तर त्याचा अर्थ असा की, ते ज्या खडकात साठले आहे तिथे नवे पाणी फार सावकाश पोहोचते किंवा आता पोहोचतच नाही. त्यामुळे उपशाने ते जेवढे कमी होईल तेवढे आपल्या हयातीत भरून निघत नाही. इजिप्तच्या पश्चिम वाळवंटाखालच्या न्युबियन वालुकाश्मातल्या पाण्याचे वय क्रिप्टॉन-81 या किरणोत्सारी वायूवरून काढले, तेव्हा ते 2 लाख ते 10 लाख वर्षे निघाले. तिथे आज पाऊस जवळजवळ पडत नाही, म्हणजे तिथला प्रत्येक पंप तो साठा केवळ रिता करतो आहे. याउलट जी विहीर श्रावणात काठोकाठ भरते तिचे पाणी तरुण असते. मे महिन्यात तिचा तळ दिसेल, पण आगोट गेली की ती पुन्हा भरेल.

आता मोजण्याविषयी. भूजलाचे वय म्हणजे पावसाचे पाणी जमिनीत मुरून त्याचा हवेशी संबंध तुटल्यापासूनचा काळ. हा काळ मोजण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या खुणांपैकी सर्वांत परिचित खूण म्हणजे ट्रिटियम. हे हायड्रोजनचे किरणोत्सारी समस्थानिक असून ते पाण्याच्या रेणूचाच भाग होऊन पावसाबरोबर खाली येते, आणि त्याचे प्रमाण दर 12.32 वर्षांनी निम्मे होते. विश्वकिरणांमुळे ते निसर्गतः अत्यल्प प्रमाणात तयार होतच असते. परंतु 1950 नंतरच्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांनी वातावरणात ते इतके मिसळले की, 1963 च्या सुमारास उत्तर गोलार्धातल्या पावसात त्याचे प्रमाण नैसर्गिक पातळीच्या शेकडो पट झाले. त्याच वर्षी वातावरणातील चाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला आणि हे प्रमाण उतरू लागले. युद्धखोरीचा हा अवशेष जलशास्त्रज्ञांच्या मात्र पथ्यावर पडला, कारण अनेक वर्षे ज्या पाण्यात ट्रिटियम भरपूर सापडे ते 1960 च्या दशकातले, असे बिनदिक्कत सांगता येत असे. तेव्हापासून पाच अर्धायुष्ये उलटून गेली आहेत आणि त्या ट्रिटियमचा जेमतेम बत्तिसावा हिस्सा उरला आहे. त्यामुळे आता ट्रिटियम एकट्याने फार तर एवढेच सांगते की, या पाण्यात गेल्या सत्तरेक वर्षांतला काही अंश आहे किंवा नाही. नेमके वर्ष काढायचे असेल तर ट्रिटियमपासून बनणारा हेलियम-3 हा वायूही मोजतात. जुन्या फ्रीजमधल्या क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंचाही असाच उपयोग होतो. हवेतले त्यांचे प्रमाण कोणत्या वर्षी किती होते याची नोंद उपलब्ध असल्यामुळे पाण्यात विरघळलेल्या अंशावरून वर्ष ठरवता येते.

हजारो वर्षांसाठी कार्बन-14 वापरतात. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे प्रमाण निम्मे होण्याचा काळ, 5,730 वर्षे आहे आणि या पद्धतीबद्दल विलर्ड लिबी यांना 1960 चे नोबेल पारितोषिक मिळाले. लाकूड किंवा हाड यांच्या तुलनेत पाण्याच्या बाबतीत ती अवघड जाते, कारण पाण्यात विरघळलेला सगळा कार्बन हवेतून आलेला नसतो; चुनखडकातून किंवा आपल्याकडच्या बेसॉल्टच्या, म्हणजे काळ्या कातळाच्या, पोकळ्यांत असलेल्या कॅल्साइट या खनिजातून जो कार्बन येतो त्यात कार्बन-14 मुळीच नसतो. तो वजा न केल्यास पाणी आहे त्याहून कितीतरी जुने दिसते.

नमुना घेणे हेही नाजूक काम आहे. बोअरचा पंप सुरू करून पाण्याचे तापमान आणि विद्युतवाहकता स्थिर होईपर्यंत ते वाहू द्यावे लागते, म्हणजे नळीत साचलेले शिळे पाणी निघून जाते. ट्रिटियमची बाटली काठोकाठ भरतात, आणि नमुना घेणाऱ्याने अंधारात चमकणाऱ्या काट्यांचे घड्याळ हातात घालू नये अशी ताकीद असते, कारण त्या रंगात ट्रिटियम असू शकते. क्लोरोफ्लुरोकार्बनसाठी काचेची बाटली मोठ्या भांड्यातल्या पाण्याखाली बुडवून भरतात आणि बूचही पाण्याखालीच लावतात. बाहेरच्या हवेचा एक बुडबुडा आत शिरला तरी नमुना वाया जातो.

इतके करूनही जो आकडा मिळतो त्याचा अर्थ जपून लावावा लागतो. एखाद्या जत्रेत निम्मी शाळकरी मुले आणि निम्मे ऐंशीच्या घरातले आजोबा असतील, तर सरासरी वय पंचेचाळीसच्या आसपास येईल, आणि त्या वयाचा एकही माणूस तिथे नसेल. बोअरमध्ये अनेक भेगांमधून पाणी येते, तेव्हा असेच होते. समजा, निम्मे पाणी गेल्या पावसाळ्यातले आणि निम्मे 10,000 वर्षांपूर्वीचे आहे; कार्बन-14 चे प्रमाण तेव्हा सुमारे 65 टक्के भरेल आणि हिशेबाने वय साधारण 3,600 वर्षे येईल. हा आकडा दोहोंपैकी कोणत्याच पाण्याचा नाही. म्हणून शास्त्रज्ञ एका खुणेवर विसंबत नाहीत. हजारो विहिरींची मोजमापे एकत्र करून 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्या विहिरींत प्रामुख्याने 12,000 वर्षांपूर्वीचे पाणी होते त्यांपैकी सुमारे निम्म्या विहिरींतही ट्रिटियम सापडले. म्हणजे अतिप्राचीन म्हटलेल्या पाण्यातही कालपरवाचा पाऊस, आणि त्याबरोबरची घाण, पोहोचू शकते.

आपल्या बोअरबद्दल बोअरवाल्याने ज्या खात्रीने सांगितले तितक्या खात्रीने कोणतीही प्रयोगशाळा सांगणार नाही. जांभ्याखालच्या काळ्या कातळात 180 फुटांवर भेगांमधून येणारे पाणी बहुधा मिश्र असेल. प्रयोगशाळेत न जाता काही अंदाज घ्यायचा असेल, तर पंप रात्रभर बंद ठेवून सकाळी वजन बांधलेल्या दोरीने पाण्याची पातळी मोजावी आणि दर महिन्याला ठरलेल्या तारखेला ती लिहून ठेवावी. जोराच्या पावसानंतर चार-आठ दिवसांत पातळी वर आली तर आपली बोअर वरच्या पाण्याशी जोडलेली आहे असे मानण्यास हरकत नाही.

प्रश्न (रत्नागिरी, सड्यावरील वाडी) : आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी मार्चअखेर विहीर कोरडी पडते. पाणी जाते कुठे?

उत्तर : समुद्राकडे, आणि फार लवकर. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पाणी झटकन आत घेतो आणि तितक्याच झटकन सोडतो. त्याच्या खाली शेडीचा, म्हणजे चिकट मातीचा, थर असतो, त्यावर पाणी अडते आणि थराच्या उताराने सरकत सड्याच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. व्हाळ आणि पऱ्ये डिसेंबर-जानेवारीपर्यंत वाहतात ते याच पाण्यावर. सडा उंचावर असल्यामुळे उतार तीव्र, आणि हेन्री डार्सी या फ्रेंच अभियंत्याने 1856 मध्ये मांडलेल्या नियमानुसार उतार जितका तीव्र तितका प्रवाह वेगवान.

खालच्या कातळाची साठवण्याची ताकदही बेताचीच आहे. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये उपशाने मोकळे होऊ शकेल असे पाणी खडकाच्या आकारमानाच्या साधारण 1 ते 3 टक्के असते. 2 टक्के धरले तर 100 मिलिमीटर पाऊस मुरताच पातळी 5 मीटर चढते, म्हणजे सुरुवातीच्या काही आठवड्यांतच विहीर भरते आणि उरलेल्या पावसाला आत जागाच राहत नाही. पाऊस तिप्पट झाला तरी उन्हाळ्यातले पाणी तिप्पट होत नाही ते यामुळे. सड्यावर चिरेखाणी वाढल्या आहेत असेही आपण लिहिले आहे. जांभ्याचा जो थर पाणी धरतो तोच चिऱ्यांच्या रूपाने गाडीत भरून जात असेल, तर आसपासच्या विहिरींवर परिणाम व्हायचाच.

प्रश्न (खेड तालुका) : उन्हवऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडाखाली ज्वालामुखी आहे असे म्हणतात. ते पाणी कुठले?

उत्तर : ज्वालामुखी नाही. ठाणे जिल्ह्यातील वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून राजापूरजवळच्या उन्हाळे गावापर्यंत किनाऱ्याला समांतर अशी गरम झऱ्यांची रांगच आहे. खोल भेगांतून खाली गेलेले पाणी जमिनीच्या अंगभूत उष्णतेने तापून वर येते. पृथ्वीच्या कवचात दर किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंश सेल्सियस तापमान वाढते, एवढे त्यासाठी पुरेसे आहे. पाणी मूळचे पावसाचेच. ऑक्सिजन-18 आणि ड्युटेरियम या जड समस्थानिकांचे परस्परप्रमाण पावसाच्या पाण्यात एका ठरावीक सरळ रेषेवर येते, असे हार्मन क्रेग यांनी 1961 मध्ये दाखवले होते, आणि या झऱ्यांचे पाणी त्या रेषेच्या जवळ बसते. काही झऱ्यांत मिठाचे प्रमाण मात्र बरेच आहे.

प्रश्न (मालवण) : सिंधुदुर्ग किल्ल्याच्या चारी बाजूंना समुद्र आहे, तरी दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव यांचे पाणी गोडे कसे? काहीजण सांगतात की, किनाऱ्यावरून समुद्राखालून गोड्या पाण्याचा झरा बेटावर येतो.

उत्तर : समुद्राखालून येणारा झरा ही कल्पना रम्य आहे, पण तिची गरज पडत नाही. बेटावर पडणारा पाऊस पुरेसा आहे. गोडे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के हलके असते. त्यामुळे बेटात मुरलेले पाणी खाली साठलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. या थराची जाडी मध्यभागी जास्त आणि काठाकडे कमी असते. बादोन घायबेन या डच अभियंत्याने 1880 च्या दशकाच्या अखेरीस आणि हर्झबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने 1901 मध्ये स्वतंत्रपणे मांडलेला हिशेब असा आहे की, गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर जेवढी असेल, त्याच्या सुमारे 40 पट खोलीपर्यंत गोडे पाणी असते. पातळी अर्धा मीटर वर असली तर खाली 20 मीटर गोडे पाणी.

ढोबळ आकडेमोड करून पाहा. बेट सुमारे 48 एकरांचे, म्हणजे दोन लाख चौरस मीटरच्या किंचित आत आहे. पावसाळ्यात अडीच मीटर पाऊस धरला आणि त्यातला केवळ दहावा हिस्सा मुरला असे मानले, तरी सुमारे पावणेपाच कोटी लिटर पाणी आत जाते. आठ कोरड्या महिन्यांत त्यातला काही भाग काठाकाठाने समुद्रात झिरपून जाणार हे उघड आहे, पण वस्तीला पुरेल इतके उरण्यास अडचण नाही. 1664 मध्ये बांधकाम सुरू झाले तेव्हा ज्यांनी जागा निवडली त्यांना हा हिशेब ठाऊक नसला, तरी बेटावर गोडे पाणी टिकते याचे महत्त्व त्यांना नक्कीच कळले होते. या विहिरी उथळ आहेत आणि त्यांतून पिढ्यान्‌पिढ्या हातांनी पाणी ओढले जात होते, यातच त्या गोड्या राहण्याचे निम्मे कारण आहे. तिथे खोल बोअर मारून मोठा पंप बसवला, तर 40 पटीचा हाच हिशेब उलटा लागू होईल : पातळी 10 सेंटिमीटर खाली ओढली की खालचे खारे पाणी हळूहळू 4 मीटर वर चढेल. मुरूड-जंजिऱ्याच्या किल्ल्यातले मोठे तलाव हा निराळा प्रकार आहे. ते प्रामुख्याने साठवलेले पाणी आहे.

प्रश्न (गुहागर तालुका) : आमच्या माडांच्या वाडीतल्या विहिरीचे पाणी दोन वर्षांपासून एप्रिलनंतर मचूळ होते. विहीर समुद्रापासून 200 मीटरवर आहे. शेजारच्या पर्यटक निवासात बोअरचा पंप दिवसभर चालतो. कोणी म्हणते समुद्र आत आला, कोणी म्हणते त्यांचे सांडपाणी. ओळखावे कसे?

उत्तर : चवीवरून ओळखता येणार नाही, मोजावे लागेल. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 19,000 मिलिग्रॅम क्लोराइड असते. त्याचे 2 टक्के मिसळले तरी क्लोराइड 380 होते, आणि पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातली स्वीकार्य मर्यादा 250 आहे. 5 टक्के मिसळले की 950, म्हणजे दुसरा पर्यायच नसल्यास चालवून घ्यावयाची 1,000 ही शेवटची मर्यादा जवळजवळ गाठली जाते. समुद्र पुरता आत येण्याची गरज नसते, त्याचा स्पर्श पुरतो.

तरीही क्लोराइड एकटे वाढले यावरून दोष समुद्राचा ठरत नाही, कारण सांडपाण्यातही मीठ असते. सोबत नायट्रेट आणि जिवाणूंची तपासणी करून घ्यावी : नायट्रेट वाढलेले असेल तर संशय सांडपाण्याकडे जातो, आणि क्लोराइड भरपूर पण नायट्रेट नगण्य असेल तर समुद्राकडे. याहून पक्की खूण क्लोराइड आणि ब्रोमाइड यांच्या गुणोत्तरात असते. जगभरच्या समुद्रांत हे गुणोत्तर वजनाने सुमारे 290 इतके जवळजवळ स्थिर आहे. सांडपाण्यातले मीठ मुख्यतः स्वयंपाकघरातून आलेले असते आणि मिठागरात मीठ स्फटिकरूपाने वेगळे होताना ब्रोमाइड द्रावणात मागे राहते, त्यामुळे सांडपाण्यात हे गुणोत्तर सहसा पुष्कळ मोठे येते. साध्या तपासणीत ब्रोमाइड मोजत नाहीत, ते मुद्दाम सांगावे लागते.

घरच्या घरी करण्यासारखे एक काम आहे. पाण्यात क्षार जितके जास्त तितकी त्याची विद्युतवाहकता जास्त, आणि ती मोजणारे खिशात मावणारे यंत्र बाजारात मिळते. शेजारचा पंप चालू असताना आणि बंद असताना, भरतीला आणि ओहोटीला, अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला आणि अष्टमीच्या भांगेला (भरती-ओहोटी कमी असते तेव्हा) अशा नोंदी वेळ लिहून ठेवाव्यात. पंपाबरोबर आकडा चढत-उतरत असेल, तर शेजाऱ्यांशी बोलताना आपल्या हाती वादापेक्षा वही असेल. आणखी एक शक्यता तपासून पाहावी. जवळपास खाजण (खाडीकाठची बांध घातलेली खारी जमीन) असेल आणि त्याचा बांध फुटला असेल, तर भरतीचे पाणी समुद्राकडून न येता मागल्या बाजूने, खाडीकडून शिरत असते. पंप दिवसभर एकाच ठिकाणी चालवण्याऐवजी थोडा थोडा वेळ, उथळ विहिरींतून वाटून उपसा केला, तर वाळूच्या जमिनीत एक-दोन पावसाळ्यांत सुधारणा दिसू शकते. मात्र अधिक गोडे पाणी लागेल या आशेने किनाऱ्याजवळ विहीर आणखी खोल करू नये.

प्रश्न (दापोली तालुका) : शेजाऱ्यांनी आमच्या पिण्याच्या विहिरीपासून 12 मीटरवर शौचालयाचा शोषखड्डा घेतला आहे. जमीन जांभ्याची आहे. एवढे अंतर पुरेसे आहे असे आम्हाला सांगण्यात येते. ते खरे आहे का?

उत्तर : जांभ्यात नाही. सुरक्षिततेसाठी अंतरापेक्षा पाण्याला विहिरीपर्यंत यायला लागणारा वेळ महत्त्वाचा असतो, कारण रोगजंतू जमिनीत कालांतराने मरतात. जर्मनीत पिण्याच्या पाण्याच्या विहिरीभोवतीचा आतला संरक्षित पट्टा 50 दिवसांच्या प्रवासावर आखतात. बारीक वाळूमिश्रित मातीत पाणी दिवसाला 40 सेंटिमीटर सरकले, तर 12 मीटर यायला 30 दिवस लागतील, म्हणजे तिथेही हे अंतर कमीच पडते. जांभ्यात तर नळ्या असतात. नव्या चिरेखाणीच्या उभ्या भिंतीकडे जवळून पाहिले तर बोटाएवढ्या, क्वचित मनगटाएवढ्या पोकळ नळ्या एकमेकींत उघडलेल्या दिसतात, काहींच्या आत पिवळी माती भरलेली असते आणि काही मोकळ्या असतात. मोकळ्या नळीतून पाणी गाळले जात नाही, ते वाहते, आणि मग दिवसांऐवजी तासांचा हिशेब उरतो.

असा छुपा मार्ग दाखवण्याची पद्धत जुनी आहे. दक्षिण जर्मनीत 1877 मध्ये डॅन्यूब नदी जिथे जमिनीत लुप्त होते तिथे फ्लुरोसीन नावाचा हिरवा चमकणारा रंग टाकला, आणि सुमारे 12 किलोमीटरवरच्या आख नदीच्या उगमात तो अडीच दिवसांत उमटला. तो चुनखडकाचा प्रदेश होता, पण नळ्यांतून वाहण्याचे तत्त्व तेच. शेजाऱ्यांची संमती घेऊन आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाचा सल्ला घेऊन आपल्याकडेही अशी चाचणी करता येते. संमती घ्यावीच, कारण निष्कर्ष दोघांच्याही उपयोगाचा आहे.

तोपर्यंत पाण्याची जिवाणू तपासणी करून घ्यावी. गावपातळीवर मिळणाऱ्या एच टू एस बाटलीत पाणी भरून ठेवले आणि ते एक-दोन दिवसांत काळे पडले, तर पाण्यात मैला मिसळल्याची दाट शक्यता आहे. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही, आणि पाणी उकळल्याने तर त्याचे प्रमाण थोडे वाढतेच. लिटरमागे 45 मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट असलेले पाणी तान्ह्या मुलांना देऊ नये. नमुना मे महिन्यात एकदाच घेऊन थांबू नका. खड्ड्याभोवती उन्हाळाभर साचलेले सगळे पहिल्या जोरदार पावसात धुऊन विहिरीकडे येते, त्यामुळे दुसरा नमुना मृगाच्या सरी लागल्यावर पहिल्या आठवड्यातच घ्यावा, आणि दोन्ही नमुने तपासणीसाठी एकाच प्रयोगशाळेत द्यावेत.